शिसारीतून लिहिलेली कादंबरी

कुणी गोड बोलू लागलं की कुमुदबाई पदराच्या टोकानं ओठ पुसत. समोरचा निघून गेला की म्हणत, "मले शिसारी येते या बोलण्याची." अड्याळच्या शाळेत त्या मराठी शिकवत, मी गणित. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट.

सातवीतली सुगंधा त्यांची लाडकी. तिचा बाप मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी पिढीजात बांधलेला गडी. मालगुजाराच्या मुलीचं लग्न झालं आणि सुगंधा शाळेत येईनाशी झाली. पलंग, कपाट, भांड्यांबरोबर तिलाही नवरीच्या सासरी धाडलं होतं, कायमचं.

बाई मला घेऊन मालगुजाराकडे गेल्या. तो झोपाळ्यावर बसून पान लावत होता.

"पोरगी खाऊनपिऊन मजेत हाय," तो म्हणाला. "तुमी काहून जिवाले लावून घेऊन राहिल्या?"

"मजेत हाय, तं पत्ता द्या. भेटून येतो."

त्यानं चहा मागवला. चहा घेऊन आला तो सुगंधाचा बाप. त्यानं मान वर केली नाही. फाटकाबाहेर आल्यावर बाईंना खरोखर उलटी झाली.

वेठबिगारी तोवर कायद्यानं बंद झाली होती. बाईंनी तहसील कचेरीत तक्रार केली, तर साहेब म्हणाले, आपल्या भागात असं काही नाही. त्या वर्षी बाई लिहायला बसल्या. लग्नात आंदण दिलेल्या एका पोरीची कादंबरी. मी म्हटलं, जरा सौम्य करा. त्या म्हणाल्या, "ज्याले वाचून मळमळत नाही, त्याच्यासाठी मी लिहून नाही राहिली."

पुस्तक नागपूरला छापलं गेलं. दिघोरीकडची चळवळीतली पोरं ते गावोगाव, धानाच्या खळ्यावर वाचून दाखवू लागली. ऐकणाऱ्यांत बांधलेले गडी असत. वाचन संपलं की कुणी उठून सांगे, आमच्याही घरची पोरगी अशीच गेली. मग मोर्चे निघाले. पुष्कळ घरांनी मालकाचा उंबरठा सोडला, सुगंधाच्या बापानंही.

आता मालगुजारानं रंग बदलला. शाळेच्या पटांगणात त्यानंच बाईंचा सत्कार ठेवला. "आमच्या गावची लेखिका," म्हणत शाल पुढे केली. बाईंनी माईकवर विचारलं, "माही सुगंधा कुठं हाय?" तो हसला. बाई शाल न घेता खाली उतरल्या. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या, मग बुंदीच्या पंगतीला बसले. त्या टाळ्यांचा किळसवाणा आवाज मी विसरलेलो नाही.

पुढे दिघोरीच्या पोरांनीच पत्ता काढला. बाई आणि बाप जाऊन सुगंधाला घेऊन आले. चार-दोन वर्षांत बाप वारला, आणि तोवर लाखनीला बदलून गेलेल्या बाईंकडे ती राहू लागली. जेव म्हटल्याशिवाय जेवत नसे, विचारल्याशिवाय बोलत नसे. लोक बाईंना विचारत, दुसरी कादंबरी केव्हा? "ही पोरगी अजून जमिनीवर बसते," त्या म्हणत, "अन् तुमाले कादंबरी पायजे." पुन्हा त्यांनी काही लिहिलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बाई गेल्या. घाटावर भाषणं झाली. मालगुजाराचा मुलगा, आता पुढारी, उभा राहून म्हणाला, "बाईंच्या कार्यात आमच्या घराण्याचाही वाटा..."

बायकांतून सुगंधा उठली. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.

"तू बस खाली," ती म्हणाली.

तो बसला.