वाळवणावरची मावशी

मावशी पटांगणातून तुरीचा एक दाणा उचलायची, मागच्या दाढेखाली धरायची आणि चावायची. खिडकीपाशी बसलेला मी आणि गादीवर बसलेले शेठ, दोघंही हातातलं काम थांबवून तिच्या तोंडाकडे बघायचो. 'कट्' असा आवाज आला की ती म्हणायची, "झाली." नाही आला तर, "अजून न्हाई." बस्स. त्यावर लातूरच्या आमच्या डाळमिलमध्ये अपील नव्हतं.

ज्यांनी डाळ फक्त ताटातच पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. तुरीला आधी तेलपाणी लावतात आणि मग सिमेंटच्या उघड्या पटांगणात पसरून वाळवतात. नीट वाळली तरच साल सुटतं. वाळताना ती सारखी उलटावी लागते, आणि हे काम पायांनी होतं. बायका अनवाणी, पाय घासत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात आणि मागे तुरीत पाभरीनं ओढाव्यात तशा रेघा उमटतात. या कामावर आमच्याकडे पंधरा-वीस बायका होत्या. मावशी त्यांच्यात सगळ्यात जुनी. मी तिथला दिवाणजी, म्हणजे मावशीच्या भाषेत 'पंख्याखालचं माणूस'.

शेठनी एकदा ओलावा मोजायचं यंत्र आणलं. मावशीनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याला दाढा कुठं हायेत?" पुढे यंत्र टेबलावर राहिलं खरं, पण शेठ आधी मावशीला विचारायचे, मग यंत्रात बघायचे, आणि दोघांचं जुळलं तर यंत्राचं कौतुक करायचे.

सगळा मराठवाडा आभाळाकडे डोळे लावून बसतो आणि ही बाई ढग दिसला की भांडायला उभी. अवकाळीचं आभाळ भरून आलं की ताडपत्र्या ओढता ओढता ती ढगाला ज्या शिव्या द्यायची, त्या इथे लिहिता येणार नाहीत. उन्हाला मात्र कुणी नाव ठेवलेलं तिला चालत नसे. मी घाम पुसत "काय ऊन आहे हो" म्हणालो की खिडकीबाहेरून उत्तर यायचं, "ऊन हाय म्हणून चूल हाय, दिवाणजी."

ती मूळची किल्लारीकडची. नवी नवरी होती तेव्हाच भूकंप झाला आणि संसाराची पहिली वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. त्या पत्र्याखाली उन्हाळे काढल्यामुळे ऊन आपल्या घरातलंच आहे, ते आपल्याला काही करणार नाही, असं तिला वाटायचं. तरी कमरेला कांदा खोचलेला असायचाच. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे कांदा जवळ ठेवतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. उन्हाळ्यात ती रोज सकाळी एक कांदा माझ्याही टेबलावर आणून ठेवायची. "पंख्याखाली बसणाऱ्याला कशाला?" असं मी विचारलं तर म्हणायची, "पंखा बंद पडला म्हंजे?" माझ्या शर्टांना कांद्याचा वास येतो म्हणून बायको वैतागायची. पण तो फेकून द्यायची माझी छाती कधी झाली नाही.

त्या वर्षी होळी विझते न विझते तोच ऊन अंगावर आलं. चैत्रातच वैशाख. सकाळी आठला नळाला कढत पाणी. अकराला रस्ते ओस, क्लासची पोरं तोंडाला रुमाल गुंडाळून भिंतीच्या कडेकडेनं चालायची. नायगावहून बहिणीचा फोन यायचा, तिकडे कूलरसुद्धा गरम वारा मारतोय म्हणून. शेवटी दुपारी बारा ते चार उघड्यावर काम नको, असा सरकारी हुकूम निघाला. शेठ भला माणूस. त्यांनी तो लगेच पाळला. बायका पहाटे यायच्या, साडेअकराला शेडमध्ये सावलीला बसायच्या आणि चारनंतर पुन्हा कामाला लागायच्या.

पण हुकूम तुरीला लागू होत नाही. ती भर दुपारी उलटली नाही तर वरून तडकते आणि खालून ओली राहते. हे मावशीला ठाऊक होतं, शेठना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. कुणी कुणाला काही बोललं नाही. भाकर खाऊन झाली की मावशी आपली आपण उठायची आणि "दोनच फेऱ्या" म्हणून पटांगणात उतरायची. मी खिडकीतून हाक मारायचो, मावशी, बस सावलीला. एकदा मारायचो, दोनदा मारायचो. तिसऱ्यांदा मारत नसे. खरं सांगायचं तर माल बिघडला असता तर बोलणी मलाच बसली असती, आणि ती जाते आहे हे मनातून मला बरंच वाटायचं.

त्या दिवशी ती एकच्या सुमाराला उतरली आणि बऱ्याच वेळानं माझ्या दाराशी, माठाजवळ पाणी प्यायला आली. शेडमधल्या बायका नुसत्या बसून घामानं निथळत होत्या. मावशी कोरडी होती. कपाळ कोरडं, मान कोरडी, झंपरची पाठ कोरडी. मी बघतच राहिलो, आणि देवाशपथ सांगतो, मला हायसं वाटलं. वाळवणावर जन्म काढलेल्या माणसाला कोरडं काही दिसलं की चांगलंच वाटतं, दुसरं सुचतच नाही. मी कौतुकानं म्हणालो, "मावशी, तुला तर घामसुद्धा आला नाही."

"वाळले मी, दिवाणजी," ती हसून म्हणाली. जीभ जराशी जड वाटली. मला वाटलं, तोंडात मशेरी असेल.

मग तिनं मूठ उघडून एक दाणा दाढेखाली धरला. कट्. मला खुर्चीत स्पष्ट ऐकू आलं. "ओली हाय," ती म्हणाली. दुसरा दाणा घेतला. कट्. "ओलीच हाय की." ती थट्टा करते आहे असं समजून मी हसलो. ती वळली आणि पुन्हा उन्हात गेली.

थोड्या वेळानं ती तुरीत खाली बसली. दाणा बघायला बसली असेल म्हणून मी मान खाली घालून लिहू लागलो. बायकांचा ओरडा ऐकला तेव्हा ती आडवी झाली होती. तिच्या दंडाला हात लावला तर तव्यासारखा तापलेला. आम्ही तिच्यावर पाणी ओतलं, पोती भिजवून अंगावर टाकली आणि ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. आईस पॅक लावायला सांगता सांगता तिनं विचारलं, "घाम यायचा कधी थांबला? कुणी पाहिलं का?"

"मी पाहिलं."

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं. मग हळू आवाजात समजावलं की अशा उन्हात घाम थांबणं हीच धोक्याची खूण, आणि माणूस असंबद्ध बोलायला लागलं की क्षणही घालवायचा नसतो. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी गेली.

चौकशीला माणसं आली. दुपारचं काम बंद होतं का? होतं. तिला कुणी जायला सांगितलं? कुणीच नाही. सावली होती? होती. पाणी? होतं. सगळी उत्तरं खरी होती. शेठ रडले, तेही खरंच रडले. एक दिवस मिल बंद ठेवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी तूर पसरली, कारण ऊन चांगलं होतं.

पंधरा दिवसांनी तिची सून आली. सासूच्या जागी मला घ्या म्हणाली. नको म्हणावं तर तिच्या घरी चूल कशी पेटणार, आणि ये म्हणावं तर कुठे ये म्हणायचं? मी शेठकडे पाहिलं, शेठनी माझ्याकडे. ती आता कामावर आहे. दुपारच्या फेऱ्या बंद केल्यात. थोडी तूर तडकते, तडकू दे म्हणतात शेठ. पण आता सकाळी दहालाच दुपार होते, त्याला कुणी काय करायचं?

मी तासातासाला सगळ्या बायकांना घाम येतोय का म्हणून विचारत फिरतो. दिवाणजीला घामाचं याड लागलंय असं म्हणून त्या हसतात. सून मात्र हसत नाही. ती चांगल्या वळणाची आहे, वडीलधाऱ्या माणसासमोर यायचं म्हणून पदरानं तोंड स्वच्छ पुसून मगच ऑफिसच्या दारात उभी राहते. ते कोरडं कपाळ दिसलं की मी हातातलं काम टाकून उठतो. पुसत जाऊ नको गं, म्हणून तिला किती वेळा सांगितलं. "बरं" म्हणते आणि पुढच्या वेळी पुन्हा पुसून येते. मग मी तिला घरचं, पोरांच्या शाळेचं, काहीबाही विचारत दारातच उभं ठेवतो, तिच्या कपाळावर पहिला थेंब दिसेपर्यंत.