दोन महिन्यांसाठी आलेल्या मॅडम

मिलचा हिशेब सांभाळणाऱ्या मॅडम खुर्चीत बसल्या तरी खांद्यावरची पर्स उतरवत नसत. जेवतानाही ती काखेतच. नवखा माणूस ऑफिसात आला की हमखास म्हणायचा, "तुम्ही निघाल्या वाटते, मी उद्या येतो." त्यावर मॅडम हसून म्हणत, "बसा जी. मी कुठी जाऊन राह्यली?"

एमबीएच्या इंटर्नशिपसाठी मी नागपूरहून सावली गावाजवळच्या त्या राइस मिलमध्ये आले, तेव्हा मला याची गंमत वाटली होती. माझी राहायची सोय मिलच्या आवारातच, मालकांच्या घरातल्या मागच्या खोलीत होती. म्हणजे काम, जेवण, झोप, सगळं एकाच फाटकाच्या आत. दिवसभर यंत्राची घरघर, केसांत तांदळाचा कोंडा आणि बाहेर उन्हानं तडकलेल्या भातशेतांच्या बांध्या. आठवड्यातच मी कॉलेजला फोन करून ठिकाण बदलून मागितलं. सर म्हणाले, "दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

हे मी मॅडमना सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

"मलेबी असंच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "मीबी इथी इंटर्नशिपलेच आली होती. तुझ्यासारखीच, दोन महिने."

त्याला आता कित्येक वर्षं झाली होती. त्या दिवशी मी खोलीत जाऊन बॅग भरून पाहिली. उगाचच. पुन्हा रिकामी केली.

मालक मॅडमचे सख्खे काका. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मॅडमचे वडील गेल्यावर भाऊंनीच त्यांना लहानाचं मोठं केलं, शिकायला नागपूरला पाठवलं. भाऊ वाईट असते तर सगळं सोपं होतं. पण ते पुतणीच्या ताटात स्वतः भाजी वाढत, तिचं डोकं दुखलं तर मिल बंद ठेवत. आणि मधूनच म्हणत, "हे सगळं तुझंच हाय, बाई." हे ऐकलं की मॅडमचा घास तोंडातच फिरत राही.

एकदा जेवताना त्या बोलल्या. "काका, मले पुण्याले नोकरी भेटली. सोमवारी हजर व्हा म्हणते."

"जाय ना," भाऊ म्हणाले. "कोण अडवते तुले?"

एवढं बोलून त्यांनी ताट सरकवलं आणि अंगणातल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले. मॅडम दूधभात कालवून घेऊन गेल्या. बराच वेळ उशाशी बसल्या. परत आल्या आणि मला म्हणाल्या, "राहू दे. नाई जात." मागची हैदराबादची नोकरीही अशीच गेली होती, असं स्वयंपाकाच्या बाईंनी मला सांगितलं.

त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी मिल जोरात सुरू होती. शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नव्हतं. मॅडम यंत्रापाशी उभ्या असलेल्या भाऊंजवळ गेल्या आणि नेहमीच्याच हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मी बाजूलाच होते. मला नुसते ओठ दिसले, पण कळलं.

"काका, मी चालली."

भाऊंनी कानाला हात लावला. काही समजलं नाही, तरी मान डोलावून ते ओरडले, "हो, हो! बँकेतून लवकर येजो!"

मॅडमनी त्यांच्या खांद्यावरचा कोंडा हातानं झटकला. फाटकाशी मला म्हणाल्या, "विचारलं तं सांगजो. मी त्याईले सांगूनच गेली. खोटं नाई बोलली." सडकेवर नागपूरची बस थांबली. त्या चढल्या.

संध्याकाळी भाऊंनी विचारलं, "बाई बँकेतून आली नाई काय अजून?" "त्या तुम्हाला सांगूनच गेल्या, नागपूरच्या बसनं," मी सांगितलं. त्यांनी आधी मिल बंद करायला लावली. एकदम इतकं शांत झालं की सडकेवरून जाणाऱ्यांचं बोलणं आत ऐकू यायला लागलं. त्यांनी फोन लावला. मॅडमनी तो उचलला नाही.

"पोरी, तुह्या फोनवरून लाव."

माझा मात्र लगेच उचलला. मागे बसची खडखड येत होती.

"काका जेवले काय?"

"नाही."

मग त्या म्हणाल्या, "त्याईले फोन देऊ नको. त्याईनं ये म्हटलं, तं मी इथीच उतरीन."

भाऊ समोर हात पुढे करून उभे होते. "काय म्हणते? दे इकडे."

"रेंज गेली, भाऊ," मी म्हणाले आणि फोन बंद केला.

त्यांचा हात बराच वेळ तसाच पुढे होता.