तारलीचे काटे

साठच्या दशकात दुबईतल्या देऱ्यात आम्ही रत्नागिरीकडची काही माणसं एका खोलीत राहायचो आणि जमिनीवर बसून एकाच थाळ्यात जेवायचो. आमच्यातले दोघे वेगवेगळ्या कंपन्यांच्या बास्केटबॉल संघांत होते. नावाला कारकून, पण पगार खेळण्याचाच.

एकदा हे दोघे समोरासमोर आले. चेंडूसाठी उडी मारताना त्यांच्यातल्या उंचेल्यानं दुसऱ्याच्या मनगटावर मुद्दाम कोपर हाणलं. हाड मोडलं. पंचानं पाहिलंच नाही. खोलीवर आल्यावर उंचेला म्हणाला, "खेळात होतंच असं. मॅच संपली, खलास." या वाक्याची मला आजही चीड येते. ज्याचं काही मोडत नाही, त्यालाच ते सुचतं.

दुसऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं जेवणं आम्हा मुसलमानांत बरं मानत नाहीत. अडचणीत चालतं, हे खोलीतल्या वडीलधाऱ्या चाचांना चांगलं ठाऊक होतं. तरी थाळा मांडल्यावर ते उंचेल्याला म्हणाले, "तू भरव त्याला."

प्लास्टर निघेपर्यंत त्यानं दोन्ही वेळा भरवलं. तारली मासळी स्वस्त, म्हणून रोज तारलीच. एकेक काटा काढून घास द्यायचा, तोवर त्याचा स्वतःचा भात गार व्हायचा.

पुढच्या सामन्यात उंचेला कोपरं अंगाशी धरून खेळला आणि त्याचा संघ हरला. मॅनेजर सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडला, घुसला का नाहीस म्हणून.

तो म्हणाला, "साहेब, मग काटे कोण काढणार?"