दर महिन्याला एक देश

शाळेत किस्से शोधायला जावं लागत नाही. दिवस साजरे करायला घ्या, ते आपोआप साचत जातात. माझे मिस्टर पतसंस्थेत आहेत. इतक्या वर्षांत त्यांच्याकडं सांगण्यासारखे दोन किस्से झाले आणि दोन्हींत किल्ली हरवते. आमच्याकडं मात्र रोज काहीतरी असतंच. पाणी दिवस, चिमणी दिवस, हात धुवा दिवस, ओझोन दिवस. सकाळी मोबाईलवर निरोप येतो आणि संध्याकाळपर्यंत फोटो पाठवायचा असतो.

माझी पहिली बरीच वर्षं शिरूर तालुक्यात गेली, निमोण्याच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत. दोन खोल्या, दोन शिक्षक. मी आणि मुख्याध्यापक थोरात सर. हे दिवस बाकीच्यांना डोकेदुखी वाटायचे, सरांना मनापासून आवडायचे. फोटो सगळ्यात शेवटी, आधी पोरांना कळू द्या आज काय आहे, असं त्यांचं म्हणणं. एके वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की दर महिन्याला एक देश घ्यायचा. तिथले कपडे, तिथलं जेवण, तिथले लोक एकमेकांना नमस्कार कसा करतात, सगळं करून बघायचं.

मी म्हटलं, सर, आपल्या पोरांनी अजून पुणंसुद्धा पाहिलेलं नाही.

"म्हणूनच तर," सर म्हणाले. "पुणं काय, बघतील कधीतरी."

*

पहिला देश जपान. आयांच्या साड्यांचे किमोनो झाले, जुन्या कॅलेंडरचे पंखे झाले. मी पोरांना सांगितलं की जपानमध्ये चपला दाराबाहेर काढतात, जमिनीवर बसून जेवतात, जेवणात भात असतो आणि मोठ्यांपुढं वाकतात. तिसरीतली आरती बराच वेळ ऐकत होती. मग तिनं विचारलं, "बाई, मग जपान वेगळं कशात हाय?"

मी म्हटलं, ते काड्यांनी जेवतात. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मग तेवढंच शिकवा."

सरांनी वाकणंही शिकवलं. समोरचा वाकला की आपणही वाकायचं, नाहीतर त्याचा अपमान होतो, हे त्यांनी पोरांकडून दोनदा म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आरतीचे आजोबा, बबन आबा, शाळेत आले. वस्तीवरचे मानाचे गृहस्थ. तक्रार घेऊन आल्यासारखे दिसत होते. खुर्चीवर बसले, पाणी प्याले, टोपी नीट केली. मग सरांना म्हणाले, "पोरगी काल घरी आली आन् माझ्यापुढं वाकली. बरं वाटलं. म्हणून मी बी वाकलो. तर ती परत वाकली. मग मी परत. चहा गार झाला, सर. ह्यात थांबायचं कुणी, तेवढं सांगा."

सरांनाही ते माहीत नव्हतं. ते खुर्चीवरून उठले आणि आबांपुढं वाकले. आबाही उठले आणि वाकले. पुढचं मी बघितलं नाही. माझा तास होता.

*

नॉर्वेच्या महिन्यात सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तिथल्या एका शाळेशी व्हिडिओ कॉल जुळवून दिला. पोरगं पुण्यात आयटीत होतं. आमच्याकडं रेंज येते ती फक्त शाळेच्या कुंपणालगत, आमच्याच शाळेतल्या कोमलच्या घरच्या गोठ्याजवळ. तिथं स्टूल मांडलं, स्टुलावर मोबाईल उभा केला आणि सगळी शाळा त्यापुढं बसवली.

तिकडच्या पोरांनी खिडकीतून बर्फ दाखवला. आमच्या पोरांनी ऊस दाखवला. मग तिकडच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडं घरी एखादं पाळलेलं जनावर आहे का. मी मराठीत सांगेपर्यंत कोमल उठली, गोठ्यात गेली आणि म्हैस सोडून घेऊन आली. स्क्रीन सगळी काळी झाली. म्हैस जरा मागं घेतल्यावर तिकडचा अख्खा वर्ग बाकांवरून उठून उभा राहिलेला दिसला. त्या बाईंनी म्हशीचं नाव विचारलं.

म्हशीला नाव नव्हतं. तिला घरी म्हैसच म्हणायचे. पण सगळी शाळा आणि वर नॉर्वे आपल्याकडं बघतोय म्हटल्यावर कोमल गडबडली आणि तोंडाला येईल ते बोलून गेली. "सुनंदा."

तिकडच्या पोरांनी ते नाव एका सुरात तीनतीनदा म्हटलं.

सुनंदा म्हणजे कोमलची आत्या. मांडवगण फराट्याला दिलेली. कुणीतरी त्या कॉलचा व्हिडिओ काढला होता आणि तो हिंडत हिंडत मांडवगणला पोचला. पुढच्या आठवड्यात आत्या एसटीनं थेट शाळेत आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. जाऊबाई रोज सकाळी तिला विचारत होती, आज धार कोण काढणार. नवराही हसतो म्हणाली. एवढी वर्षं त्या घरात नावाला जपलं आणि भावाच्या लेकीनं ते म्हशीला दिलं. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. कोमल दाराआड उभी राहून ऐकत होती.

मी तिची समजूत काढली. म्हटलं, पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. घाबरल्यावर माणसाच्या तोंडात आपल्या जवळच्याचंच नाव येतं. आईचं नाही आलं, आजीचं नाही आलं, तुमचं आलं. मग आत्यानं विचारलं, तिकडं किती पोरं होती. मी म्हटलं, भरलेला वर्ग होता, सगळ्यांनी मिळून नाव घेतलं.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं, खुर्ची ओढली आणि बसली.

"नीट म्हणता आलं का त्यांना?"

*

केनियाच्या महिन्यात खराखुरा पाहुणा मिळाला. सरांचा भाचा पुण्यात कॉलेजला होता, त्याच्या वर्गात नैरोबीचा एक मुलगा होता. डॅनियल नाव. हिंदी बऱ्यापैकी बोलायचा. तो येणार म्हटल्यावर पोरांनी व्हरांड्याची भिंत सिंहांनी भरून टाकली. बसलेले सिंह, झोपलेले सिंह, एक तर ट्रॅक्टरशेजारी उभा होता.

पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. तुमच्याकडं सिंह किती?

डॅनियल खरं बोलणारा मुलगा होता. त्यानं सांगितलं की तो मोठ्या शहरात, उंच बिल्डिंगमध्ये वाढला. सिंह त्यानं आयुष्यात एकदाच पाहिला, तोही भारतात आल्यावर, पिंजऱ्यात. पोरं भिंतीकडं बघायची आणि त्याच्याकडं बघायची. त्यालाही ओशाळल्यासारखं झालं.

शेवटी आरतीला त्याची दया आली. ती म्हणाली, "जाऊ द्या. आमच्या उसात बिबट्या हाय."

त्याला ती गंमत वाटली. तो हसून सरांकडं वळला. सरांनी सांगितलं की ती खरं सांगतेय. परवाच वस्तीवरचं एक कुत्रं गेलं. वनखात्यानं पलीकडच्या उसाला पिंजरा लावलाय, पण त्यात अजून काही शिरलेलं नाही. म्हणून तर शाळा सुटल्यावर पोरांना एकेकटं सोडत नाहीत. डॅनियलनं आपली खुर्ची दारापासून उचलली आणि फळ्याजवळ नेऊन ठेवली.

"आप लोग यहाँ रहते हो?" त्यानं विचारलं.

"व्हय," सगळी पोरं म्हणाली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरं त्याला एसटीपर्यंत सोडायला गेली. पुढं थोरली, मागं थोरली, एकजण ताट वाजवत होता. डॅनियलला त्यांनी मध्ये घेतलं होतं, पहिलीच्या पोरांना घेतात तसं.

*

आजी-आजोबा दिवसाला आम्ही संगीत खुर्ची ठेवली. आरतीचे बबन आबा आले आणि कोमलचे आजोबा विठ्ठल आप्पाही आले. दोघं आलेले बघून सरांनी माझ्याकडं बघितलं. सोसायटीच्या एका निवडणुकीपासून त्या दोघांत बोलणं नव्हतं. रस्त्यात एक दिसला की दुसरा बांधावर चढायचा. लग्नाला गेले तर एक पहिल्या पंगतीला जेवायचा आणि दुसरा शेवटच्या.

खेळ सुरू झाला. म्हाताऱ्या माणसांनी फार मनावर घेतलं. एका आजीनं खुर्ची सोडायची नाही म्हणून तिच्यावर मांडीच घातली. एकेक जण बाद होत गेला आणि व्हायचं तेच झालं. खुर्ची एक उरली आणि तिच्याभोवती आबा आणि आप्पा.

गाणं सरांच्या मोबाईलवर होतं. ते त्यांनी बंदच केलं नाही. गाणं संपलं, दुसरं लागलं. आबा आणि आप्पा एकमेकांच्या मागं फिरतायत, नजर मात्र खुर्चीवर. पोरांच्या टाळ्या थांबल्या. शेवटी आरती म्हणाली, "सर, आबा दमले."

सरांनी गाणं बंद केलं. दोघंही खुर्चीशी थांबले. दोघांचेही हात खुर्चीच्या पाठीवर टेकलेले.

आप्पा म्हणाले, "बसा."

"न्हाई, तुम्ही बसा."

"तुम्ही थोरलं."

"तुमचा गुडघा दुखतोय," आबा म्हणाले.

आप्पांचा गुडघा त्या वर्षीच धरला होता आणि घराबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आबांना कसं कळलं, ते कुणी विचारलं नाही. दोघंही उभेच राहिले. बक्षिसाचा स्टीलचा डबा होता. सर तो घेऊन त्यांच्यापुढं थोडा वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी तो खुर्चीवर ठेवला.

*

थोरात सर रिटायर झाले आणि माझी बदली दौंड तालुक्यात झाली, कुरकुंभला. इथली शाळा वेगळी. एमआयडीसीमुळं हजेरी घेताना निम्मा भारत येतो. बिहार, ओडिशा, यूपी, आपलं नांदेड, बीड. मुख्याध्यापक लोंढे मॅडम, शिस्तीच्या. महिन्याला एक देश ही कल्पना मी त्यांना भीत भीत सांगितली, त्यांनी लगेच होकार दिला.

इथं कार्यक्रमाला आया यायच्या, वडील कधीच यायचे नाहीत. त्यांच्या पाळ्या असायच्या. पोरांना त्याचं वाईट वाटायचं. म्हणून मॅडमनी ठरवलं की एक दिवस फक्त वडिलांसाठी घ्यायचा. मार्चमधला शनिवार धरला, सकाळची शाळा, म्हणजे रात्रपाळी करून सुटलेले वडील परस्पर येतील. पोरांनी निरनिराळ्या देशांचे नाच बसवले. सगळ्यात अवघड स्पेनचा. त्यात पाय जोरात आपटायचे असतात. तो चौथीच्या मुलींनी घेतला. पुढं नेहा कुमारी. बिहारची, पण मराठी आमच्यासारखं बोलायची. वडिलांना दाखवायचं म्हणून तिनं तो नाच मधल्या सुट्टीत फरशीवर आपटून आपटून पक्का केला होता.

वडील खरंच आले. कंपनीच्या गेटवरून थेट, युनिफॉर्ममध्येच. अंगाला केमिकलचा वास. हॉलमध्ये सतरंजीवर ओळीनं बसले. मॅडमनी स्वागताचं भाषण केलं. ते लहानसंच होतं, पण संपेपर्यंत पहिल्या ओळीतल्या माना खाली गेल्या होत्या. एकेकाला फूल देईपर्यंत मागची ओळही गेली. मग सगळेच झोपले. कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर, कुणी सरळ आडवा. एकजण घोरायला लागला.

मॅडमचा चेहरा पडला. पोरं इतके दिवस राबली होती. मॅडमनी सगळ्यांना उठवायला माईक हातात घेतला. तेवढ्यात नेहा रांगेतून निघून त्यांच्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, नका उठवू. खोलीवर पत्रा तापतो. पप्पांना दिवसा झोप लागत न्हाई."

मॅडमनी माईक बंद केला आणि भिंतीपाशी जाऊन सगळे पंखे मोठे केले. शिपाईमामांना खुणेनं सांगितलं, घंटा देऊ नका. मी नेहाला विचारलं, आता नाचाचं काय करायचं.

"करायचा," ती म्हणाली.

पोरांनी सगळे नाच केले. गाण्याशिवाय. ओठांतल्या ओठांत आकडे मोजत. कुणी कुणाला शुक केलं नाही, सांगायची गरजच पडली नाही. शेवटी स्पेनचा नाच आला. मुलींनी तो अख्खा चवड्यांवर केला. पाय वर उचलायच्या तेवढ्याच जोरात आणि खाली टेकवायच्या अलगद. लोंढे मॅडम खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या.

नाच झाले. टाळ्या कोण वाजवणार? प्रत्येकजण आपापल्या वडिलांशेजारी जाऊन बसला. एका पोरानं वडिलांच्या तोंडावरची माशी हाकलली. बराच वेळ हॉलमध्ये नुसता पंख्यांचा आवाज होता.

पुढं ऊन खिडकीतून आत आलं आणि नेहाच्या वडिलांच्या तोंडावर पडलं. ते दचकून उठले. त्यांनी तोंड पुसलं, शर्ट नीट केला, ताठ बसले. समोर रिकामी जागा, शेजारी नेहा. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, शुरू कीजिए ना. हम तो कब से बैठे हैं."

मी मॅडमकडं वळले, तर त्या माईकचं बटण शोधत होत्या. पोरं आधीच रांगेत जाऊन उभी राहिली होती.