व्याही आणि अडकलेला कॅरम

आमच्या व्याह्यांएवढा मशीनचा शहाणा अख्ख्या कर्जत-खालापुरात नाय, आणि माझ्याएवढा मशीनचा वैरी बी नाय. माझी पोर त्यांच्या घरात दिली, आणि त्यांच्या वाट्याला मी आलो. आता पोर आणि जावई बेंगलोरला. दर रविवारी ती दोघं तिकडनं आणि मी नि व्याही, आमी दोघं म्हातारे, माझ्या कशेळ्याच्या घरातनं लॅपटॉपवर कॅरम खेळतो. बोलायला फोन बाजूला चालू. पण माझी पाळी आली, स्ट्रायकर ओढला, की पडदा दगड व्हायचा. सोंगटी तशीच, बाण तसाच, मी बी तसाच. मग मी लॅपटॉपला टपली मारायचो. आमच्या जुन्या टीव्हीला ती लागू पडायची.

व्याही मोहोपाड्याला कारखान्यात जन्मभर फिटर. रिटायर झाले, पण कारखाना अंगातनं गेला नाय. सायकलचं पंक्चर काढायचं तरी डोळ्याला गॉगल. पयल्याच रविवारी त्यांनी पिशवीतनं पाटी काढून लॅपटॉपला अडकवली : ‘काम चालू आहे, हात लावू नये.’ माझी बायको चहा घेऊन आली तर म्हणाले, “विहीणबाई, दोन पावलं मागं!” बिचारी कप घेऊन दारातच उभी.

एका वेळी एकच बोल्ट, हा त्यांचा नियम. म्हणून एका रविवारी एकच दुरुस्ती. आधी नेट तपासलं, ते निर्दोष सुटलं. मग उघडी पानं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. “अवो, म्हशीचा ताप, मुरबाडची एसटी, भजन... सगळं उघडंच?”

“बंद केलं तर मला परत सापडत नाय.”

“एवढं ओझं घालून बैल तरी चालंल का?”

एकेक पान मला विचारून मिटवलं. म्हशीचं राहू द्या म्हटलं, तर बायको दारातनं ओरडली, “म्हस विकून वरीस झालं!” तेबी गेलं. तरी कॅरम अडकायचाच. मग ब्राउझर अपडेट केला. त्याच्या पुढच्या खेपेला ती गुपचूप बघायची काळी खिडकी असते ना, तिच्यात खेळ उघडला, आणि गडी पाण्यासारखा पळाला!

व्याही खूष. “हितं जोडकामं, ती एक्स्टेन्शनं, बंद असतात. म्हंजे चोर त्यांच्यातलाच.” बघतो तर ब्राउझरला कायकाय चिकटलेलं. हवामान, सवलतीची कूपनं, रोज नव्या घुबडाचा फोटो दाखवणारं.

“ह्यांना घरात घेतलं कुणी?”

“मीच. ‘येऊ का’ म्हणून विचारलं त्यांनी. एवढ्या प्रेमानं मला कोण विचारतंय?”

एकेक बंद करत गेले. कूपनवाला काढला आणि कॅरम सुटला.

त्या रविवारी खेळ असा पळाला, की मी हरलो हे मला कळायच्या आत डाव संपला. दुसराबी तसाच. “आता शेवटचा हां, मग ठेवते,” पोर म्हणाली. आधी अडकायचं तवा ती वाट बघत बसायची, आणि वाट बघताना सगळं सांगायची. ऑफिसातली भांडणं, घरमालक, जावयाचं घोरणं. आता स्ट्रायकर सोडून कसला आवाजच नाय.

मी व्याह्यांकडं बघितलं. चालू मशीनला बंद म्हणणं ह्या माणसाच्या रक्तात नाय. त्यांनी गॉगल काढला. पडद्यावरचा स्ट्रायकर बोटानं डावीकडं-उजवीकडं मस्त सरकवत फोनमधे म्हणाले, “थांब गं पोरी. इकडं अडकलंय.”

तिकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “होऊ द्या सावकाश, पप्पा,” ती म्हणाली. “तवर सांगा, जेवलात काय आज?”