आता हात काढा, बाई

परवा तू फोनवर विचारलंस, ‘पझेसिव्हली’ म्हणजे नेमकं कसं? मी शिकवण्याच्या जुन्या सवयीने सांगितलं, ‘हे माझंच आहे’ असं दाखवत एखादी गोष्ट धरणं, बघणं, तिच्याबद्दल बोलणं. वाक्यात वापरून दाखव म्हणालीस, तेव्हा मात्र मी विषय बदलला. वाक्य माझ्याकडे होतं. ते तुझ्याच बाबतीतलं आहे, म्हणून तुम्हा दोघा भावंडांसाठी लिहून पाठवते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तुझी आई साताऱ्याला माझ्याकडे आली होती. तू तेवीस दिवसांची होतीस. दूध, तेल, अंघोळ, झोप यांचं वेळापत्रक मी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं होतं. त्या दिवशी आटपाडीच्या आजी, म्हणजे तुझ्या बाबांची आई, तुला पहिल्यांदा बघायला आल्या. पहाटे निघून, एसटी बदलून दुपारी पोचल्या. बगलेत घोंगडी होती. त्यांच्या घरी आजी नातवंडाला पहिल्यांदा मांडीवर घेते ते घोंगडी पसरूनच. मेंढरं शेजाऱ्यांवर सोपवलेली, त्यामुळे चारच्या एसटीने परतायचं होतं.

तू माझ्या खांद्यावर होतीस.

“हात धुऊन घ्या,” मी म्हणाले. त्यांनी धुतले आणि घोंगडी उलगडली.

“घोंगडीला हात लागले. पुन्हा धुवा.”

पुन्हा धुतले. मग मी दुधाची वेळ झाली म्हणाले. दूध झाल्यावर झोपेची.

आतल्या खोलीतून तुझी आई म्हणाली, “आई, दे ना त्यांना.”

“झोप मोडेल तिची.”

तू टक्क जागी होतीस. घड्याळात सव्वातीन झाले होते.

“आवं बाई, आमी काय लांडगं न्हाई,” आजी हसत म्हणाल्या. “कवळी कोकरं ह्याच हातांनी वाढवली. एक खाली पडलं न्हाई.”

“कोकरू वेगळं आणि बाळ वेगळं.”

त्यांचं हसू गेलं. त्या उठल्या, मोरीत गेल्या आणि मी न सांगताच तिसऱ्यांदा हात धुऊन आल्या. ओले हात लुगड्यापासून लांब धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पदराला पुसले तर ही बाई परत धुवायला लावेल, असं त्यांना वाटलं असणार. मी लावलंही असतं. फरशीवर पाणी ठिबकत होतं. तुझी आई दारात येऊन उभी होती, आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी पुसायला धुतलेला पंचा दिला. त्या खाली बसल्या, मांडीवर घोंगडी पसरली. मी तुला ठेवलं, पण माझा तळवा तुझ्या डोक्याखालीच राहिला. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही.

“आता हात काडा, बाई,” त्या हळूच म्हणाल्या.

मी लगेच काढला नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग काढला.

त्यांना तू जेमतेम पंधरा मिनिटं मिळालीस. त्या तुझ्या टाळूवर नाक टेकवून बसल्या. जाताना घोंगडी तुझ्यासाठी ठेवून गेल्या. ती मी कपाटात वरच्या फळीवर टाकली.

अजूनही त्या इथे आल्या असताना तुमचा व्हिडिओ कॉल आला, तर फोन माझ्याच हातात असतो आणि त्या बाजूने वाकून बघतात. या रविवारी त्या येणार आहेत. फोन त्यांच्या हातात दिसला, तर मला हाक मारू नका. मी आत असेन.