खुणेचं स्वप्न

कारखान्यात तिला एक्सरेबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, मनातून आवडायचंही. घड्याळांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. पाळी सुटली की बायकांची रांग फाटकाजवळच्या खोलीत यायची आणि पडद्याआड एक्सरेबाई एकेकीची झडती घ्यायची. केसांचा अंबाडा, चपलेचा तळ, डब्याचं झाकण, रुमालाची घडी. नखाएवढं चक्र असलं तरी तिच्या बोटांना लागायचं. "काय गं, सासूबाई बऱ्या आहेत का?" असं गोड विचारत ती बोटं फिरवायची, आणि उत्तर देताना समोरचीचा श्वास कुठे अडकतो तेवढं ऐकायची. गेल्या अकरा वर्षांत तिच्या हातून एकही सुटली नव्हती.

आता ही बाई घरी आल्यावर बदलत असेल असं कुणाला वाटत असेल तर साफ चूक. घरात दुसरं माणूस एकच, तिची मुलगी. वय सव्वीस, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. मुलगी संध्याकाळी हातपाय धुवायला आत गेली की आई तिची बॅग उघडायची. रोज. यात काही वावगं आहे असं तिला वाटतच नव्हतं. गॅस बंद आहे ना बघावं, तसं ती बघायची. मुलगी आधी हसली, मग भांडली, मग तोंडाला कुलूप लावून बसली. आणि एका मंगळवारी बॅगेच्या आतल्या कप्प्यात आईला एक कोरी करकरीत किल्ली सापडली.

"ही कुठली?"

"खोलीची. भाड्यानं घेतलीय," मुलगी म्हणाली. "महिन्याभरानं राहायला जाणार. आणि तू विचारायच्या आधीच सांगते, एकटी."

"कुठे आहे खोली?"

"ते नाही सांगणार."

मग तिनं अट घातली. प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर मनाच्या एक डॉक्टरीणबाई बसत. आईनं चार शनिवार त्यांच्याकडे जायचं आणि तिथं खरं बोलायचं. गेली, तर निघताना पत्ता मिळेल. नाही गेली, तर महिन्यातून एकदा फोन.

आईचं डोकं सणकलं. "मी काय वेडी आहे का? जगाची लबाडी मी पकडते आणि डॉक्टर मला?" तिनं दोन दिवस भांडी आपटली. पण पोटची एकुलती एक पोर कुठल्या रस्त्यावर, कुठल्या दारामागे राहते हे आपल्याला माहीत नसणार, हे काही तिला सोसवेना. शेवटी गेली मुकाट्यानं.

गेली म्हणजे आपली शरीरानं गेली. मन फाटकावरच उभं होतं, डोळ्यांत तेल घालून. दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, आणि भिंतीवरचं घड्याळ असं लावलेलं की ते डॉक्टरीणबाईंना दिसावं, आलेल्याला नाही. हे तिनं बसायच्या आधीच हेरलं. डॉक्टरीणबाई वयानं तिच्याहून लहान, आवाज मऊ, हातात वही नाही. लिहून घेत नाही म्हणजे लक्षात ठेवते, आणि लक्षात ठेवणारी माणसं जास्त धोक्याची. शिवाय खाली मुलगी, वर ही, दोघींचा जिना एकच. पाणी कुठं मुरतंय ते कळायला काय अक्कल लागते?

"स्वप्नं पडतात तुम्हाला?"

"नाही."

"पडत नाहीत, की आठवत नाहीत?"

"दोन्ही."

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "दिवसा आपण जे बघायचं टाळतो, ते कुठं नाहीसं होत नाही हो. आतच राहतं. झोपल्यावर चित्रं होऊन वर येतं. त्या चित्रांकडे नीट बघितलं, तर आपण असे का वागतो त्याचा थोडा अंदाज येतो. मी काही अर्थ सांगत नाही. तुम्हीच शोधायचा, मी सोबत बसते."

एक्सरेबाईनं मान हलवली. मनात म्हणाली, म्हणजे ही पण झडतीच घेते, फक्त मध्ये पडदा नाही. त्या शनिवारी आणि पुढच्याही शनिवारी तिनं उन्हाळा, गुडघे आणि बसची गर्दी यापलीकडे एक अक्षर दिलं नाही.

तिसऱ्या शनिवारी मात्र ती तयारीनं गेली. कारखान्यात एखाद्या विभागातून माल फुटतोय अशी शंका आली, की तिची एक युक्ती असे. बारीक खूण केलेली एक पुडी मुद्दाम तिथं ठेवायची आणि ती कुठं निघते ते बघत राहायचं. इथंही तेच करायचं तिनं ठरवलं. एक खुणेचं स्वप्न रचायचं, वर सांगायचं, आणि खाली मुलीच्या तोंडून त्यातलं काही निघतं का ते बघायचं. निघालं, की दोघींची मिलीभगत उघडी पडली.

"पडलं बाई एक," तिनं सुरुवात केली. "मी फाटकावर उभी आहे. एक माणूस बॅग घेऊन येतो. हिरवीगार बॅग, मूठ तुटलेली, दोरीनं बांधलेली. म्हणतो, चारच दिवस जाऊन येतो. मी म्हणते, उघडा. उघडतो, तर आत शर्टच शर्ट. सगळे इस्त्रीचे. मग जाग आली."

हिरवा रंग आणि दोरी, या तिच्या दोन खुणा. बाकीचा मजकूर आपला भरताड. डॉक्टरीणबाई शांतपणे ऐकत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "याबद्दल पुढच्या वेळी बोलू."

तो आठवडा तिनं मुलीचा प्रत्येक शब्द चाळून घेतला. बॅगेचा विषय मुद्दाम काढला. "नवीन बॅग घेणार असशील ना जाताना? रंग कुठला?" मुलगी म्हणाली, "राखाडी असेल बघ." चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. दोरी नाही, हिरवं नाही. एक्सरेबाई समाधान पावली म्हणता? छे! तिला उलट जास्तच संशय आला. इतकं साफ कुणी नसतं.

चौथा शनिवार शेवटचा. दुसऱ्या दिवशी मुलगी जाणार होती. खुर्चीत टेकल्या टेकल्या ती म्हणाली, "ते स्वप्न खोटं होतं. मी रचलं होतं. तुम्ही माझं बोलणं खाली पोचवता का ते बघायला."

"पोचवलं का मी?"

"नाही," ती नाइलाजानं म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना राग आला नाही. हाच तर हिला ताप! "रचलेलं असलं म्हणून काय झालं? रचलंत तुम्हीच. मग माल कुठून आणलात? तुमच्या फाटकावर पुरुष येतात झडतीला?"

"कुठले हो? पुरुषांची खोली वेगळी. तिथं दुसरा माणूस असतो."

"मग हा तुमच्याकडे कसा आला?"

एक्सरेबाईनं आपलंच स्वप्न परत चाचपून बघितलं. खुणा करताना तिचं सगळं लक्ष रंगावर आणि दोरीवर होतं. हा गडी तिनं बोलावलाच नव्हता. खोटं बोलणारा कुठं चुकतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत? जिथं त्याचं लक्ष नसतं तिथं.

"बॅग जड होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जड म्हणजे! चार दिवसांना कुणी इतकं नेतं का? दारापर्यंत नेऊन देताना माझा खांदाच..."

ती थांबली. स्वप्नात तिनं बॅग उचलली नव्हती. तिच्यासमोर शेकडो बायका अशाच एखाद्या शब्दावर थांबल्या होत्या आणि तिनं त्यांना तिथंच धरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी धरलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. थोड्या वेळानं एक्सरेबाईनं स्वतःच एक कागदी रुमाल ओढून घेतला.

बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा चार दिवसांच्या कामाला म्हणून गेला तो गेलाच. भावाला, सासूला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना तिनं एकच सांगितलं होतं, की त्यानं फसवलं, मला कशाचा पत्ता नव्हता. चौदा वर्षांच्या मुलीला सांगितलं, कामात अडकले असतील, येतील. सांगता सांगता तिचंही तसंच मत झालं होतं. पण ती बॅग दारापर्यंत तिनं नेऊन दिली होती, आणि उचलल्याबरोबर हाताला कळलं होतं. आयुष्यात न उघडलेली तेवढी एकच बॅग.

"विचारलं का नाहीत?" डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"त्यांनी खरं सांगितलं असतं तर?" ती म्हणाली.

घरी आली तेव्हा मुलगी जमिनीवर कपड्यांच्या ढिगात बसून आवराआवर करत होती. आई चपला काढायलाही थांबली नाही. "तुझे बाबा जाणार हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "बॅग जड होती. मी विचारलं नाही. तुझ्याशी खोटं बोलले मी."

मुलीच्या हातातली घडी तशीच राहिली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"मी वर्षभर खिडकीत बसायचे, आई. शाळेतून आले की. तू भाजी निवडत समोर असायचीस. आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"वर्षभर?"

"हो. आणि मग मी तुझ्या बॅगा उघडायला लागले. तुझं काही चुकलं नव्हतं गं. कधीच नाही."

मुलगी रडली, आणि ते काही मायेचं रडणं नव्हतं, संतापाचं होतं. आईनं तिला जवळ घेतलं नाही. आपण आत्ता हात लावायच्या लायकीच्या नाही, हे तिला नीट समजत होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "तू किती दिवसांसाठी चाललीस?"

"कायमची," मुलगी म्हणाली. "राहायला परत नाही येणार मी."

लागलं ते. चांगलंच लागलं. पण विचारल्यावर उत्तर मिळालं होतं.

मुलीनं नाक पुसलं. "अट ती अट," असं पुटपुटत तिनं एका कागदावर पत्ता लिहिला आणि आईपुढे धरला. आईनं तो वाचला. परत वाचला. घर क्रमांक, मजला, रस्ता. सवय कुठली एवढ्यात सुटायला, तोंडून निघून गेलंच, "खरा आहे ना गं?"

मुलीनं तिच्याकडे रोखून पाहिलं.

"येऊन बघ," ती म्हणाली. "दार वाजव. आणि मी उघडेपर्यंत बाहेर थांब."